दुसरं कोण बोललं?

कोणत्याही कारखान्यात कोण कोणाचं आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर शिफ्ट बदलीचं रजिस्टर मागवावं. रिसेप्शनला काचेच्या फ्रेममध्ये जो तक्ता लावलेला असतो, वर एमडी, खाली जीएम, त्याखाली मॅनेजर, तो पाहुण्यांनी बघायचा. खरं काय ते रजिस्टरात दिसतं. एकाला गुरुवारची सेकंड शिफ्ट नकोय, मुलीच्या शाळेत पालकसभा आहे. त्याच्या जागी सही कोणाची? जो त्याच्याबरोबर ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बरची गाडी पकडतो, त्याची. ज्याच्याकडे भिशी आहे त्याला बदली कधीही मिळते. आणि एखाद्याच्या नावापुढे वर्षभर एकही बदली नसते. त्याच्या घरी वर्षभरात लग्नकार्य, आजारपण काहीच झालं नसेल असं थोडंच आहे? त्याच्यासाठी सही करायला कोणी पुढे आलं नाही, एवढंच.

मी नवी मुंबईत रबाळ्याला एका कंपनीत टाइम ऑफिसला होतो. इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवायची कंपनी. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, कँटीनची कुपनं, जॉब कार्ड, सगळं आमच्या खिडकीतून जायचं. वर्कर म्हणायचे हा मॅनेजमेंटचा माणूस, मॅनेजमेंट म्हणायची हा वर्करांत फार मिसळतो. कुठल्याच गटात नसलेल्या माणसाला सगळे गट नीट दिसतात, हा त्या खुर्चीचा फायदा. तोटाही तोच होता, पण तो आपला खासगी.

दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने एमआयडीसीचा जो पट्टा पसरलाय, तिथल्या कुठल्याही कंपनीत गेलात तरी गट साधारण याच वळणाचे. गाडीचा ग्रुप हा सगळ्यात घट्ट. मग गावाचा: सातारकडचे, खानदेशातले, तळकोकणातले. रबाळे, गोठिवली, घणसोली इथले प्रकल्पग्रस्त घरांतले लोक वेगळे बसायचे. जमीन आमची गेली आणि नोकरीला रांगेत आम्हीच, ही सल त्यांच्या बोलण्यात कायम असायची. परमनंट आणि कॉन्ट्रॅक्ट ही तर कँटीनमधली भिंतच. एकाच वरणात दोघांची पोळी बुडायची, पण टेबल वेगळं. युनियन होती ती या सगळ्याच्या वर, कागदावर. दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ कोण घालणार यावरून सुद्धा कोणाचं पारडं कुठे आहे ते समजायचं.

आता जॉब कार्डाकडे, म्हणजे कोणी रोज किती काम केलं त्याच्या नोंदीकडे, येतो, कारण माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो तिथून.

पॅनेलच्या वायरिंगचं काम पॉइंटवर मोजतात. वायरचं टोक सोलायचं, त्यावर नंबराचं फेरूल, म्हणजे छोटी नळी, चढवायचं, लग, म्हणजे धातूची टोपी, दाबायची, ड्रॉइंग बघून टर्मिनलमध्ये बसवायची, स्क्रू आवळायचा. एक टोक म्हणजे एक पॉइंट. ठरावीक आकड्याच्या वर गेलात की इन्सेंटिव्ह. एकदा आयटीआय करून आलेला एक मुलगा लागला. हात असा, की वायर त्याच्या बोटांत आपोआप सोलली जातेय असं वाटावं. पहिल्या आठवड्यात त्याच्या कार्डावरचे आकडे सगळ्यांच्या दीडपट. दुसऱ्या आठवड्यात थोडे कमी. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचा आकडा अण्णांच्या आकड्याला येऊन टेकला आणि पुढे कायम तिथेच राहिला. अण्णा म्हणजे तिथला सगळ्यात जुना वायरमन, निवृत्तीला आलेला, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. पंचविशीतला तरबेज पोरगा आणि साठीला टेकलेला माणूस दिवसाला सारखेच पॉइंट करतात, हे कार्डावर बघून सुपरवायझरला काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी एकदा मुलाला खिडकीत विचारलं, ‘‘काय रे, हात दुखतो का?’’ तो हसला. ‘‘नाही साहेब. इथे एवढंच असतं.’’

त्या सुमारास मी संध्याकाळचा पर्सोनेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करत होतो. तिथे हॉथॉर्नचं नाव ऐकलं. शिकागोजवळ सिसरो गावातला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा प्रचंड कारखाना, ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं, काम टेलिफोनची यंत्रसामग्री बनवायचं. 1924 ते 1932 तिथे प्रयोग चालले. वर्गात सगळ्यांना पाठ करून घेतात ती दिव्याची गोष्ट: उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय याचाच माणसांना आनंद. ऐकायला गोड आहे. पुढे कोणीतरी जुने आकडे शोधून पुन्हा तपासले, तेव्हा ती गोष्ट बरीचशी फुगवलेली निघाली. मला भिडली ती त्याच मालिकेतली शेवटची खोली, जिच्याबद्दल आमच्या सरांनी पाच मिनिटांत आटोपतं घेतलं.

नोव्हेंबर 1931 ते मे 1932. एका खोलीत 14 माणसं: 9 वायरमन, 3 सोल्डरवाले, 2 इन्स्पेक्टर. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचांचं वायरिंग. म्हणजे आमचंच काम की! कोपऱ्यात एक निरीक्षक नुसता बसलेला, मध्ये बोलायचं नाही, फक्त टिपायचं. पगाराची पद्धत अशी की सगळ्यांनी मिळून जास्त काम केलं तर सगळ्यांना जास्त मिळावं. उत्पादन वाढलं का? नाही. त्या माणसांनी आपापसात ठरवून टाकलेलं होतं, दिवसाला दोन नग. त्याच्यापेक्षा जास्त कोणी केले तर तो रेट मोडणारा, फार कमी केले तर कामचुकार. वर जाऊन सांगितलं तर चुगलखोर, आणि इन्स्पेक्टर असून इन्स्पेक्टरगिरी केली तर तोही नकोसा. एखाद्या दिवशी जास्त काम झालंच तर ते हातचं राखून ठेवायचं आणि ढिल्या दिवशी दाखवायचं. खोलीतही पुन्हा दोन कंपू, पुढच्या बाजूचा आणि मागच्या बाजूचा. खिडकी उघडायची की बंद ठेवायची यावरून भांडणं. या सगळ्यांच्या हुशारीची आणि हाताच्या चलाखीची चाचणी घेतलेली होती. हुशारीत जो पहिला आला, तो उत्पादनात शेवटचा होता.

मी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कार्डं पुन्हा काढून बसलो. आमच्याकडेही ‘हातचे’ होते. शनिवारचे आकडे सोमवारी उतरलेले दिसायचे.

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत याला कामचोरी म्हणतात, निदान तसा सूर असतो. मला ते कधीच पटलं नाही. अण्णांनी त्यांचा हिशोब एकदा कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगितला होता. आधीच्या कंपनीत, ठाण्याच्या वागळे इस्टेटला, पोरांनी जोर लावून आकडे वर नेले. सहा महिने इन्सेंटिव्ह भरपूर मिळाला. मग ऑफिसातून स्टॉपवॉच घेऊन माणूस आला, नवा नॉर्म बसला, आणि जे काम जास्तीचं होतं ते रोजचं झालं. ‘‘पोराच्या हाताला आज वेग आहे,’’ अण्णा म्हणाले, ‘‘त्याच्या वेगावर नॉर्म बांधला तर मी कुठे जाऊ? आणि तो माझ्या वयाचा होईल तेव्हा तो कुठे जाईल?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पर्सोनेल मॅनेजमेंटच्या नोट्समध्येही नव्हतं. ज्यांनी ठाण्यात पोखरण रोडच्या कारखान्यांचे भोंगे ऐकले आणि पुढे त्याच जागी टॉवर उभे राहिलेले पाहिले, त्यांना हात राखून काम करायला कोणी शिकवावं लागत नाही.

पण मग त्या मुलाचा आकडा खाली आणला कसा? कोणी दम दिला नाही, हे मी खात्रीने सांगतो. शिकागोच्या खोलीत दंडावर गुद्दा मारायची रीत होती, जोरात एक, आणि ज्याला बसला त्याने परत एक मारायचा, विषय संपला. आमच्याकडे तेवढंही नाही. झालं ते असं. जाड केबलचा जुडगा पॅनेलच्या खालच्या ग्लँड प्लेटमधून, म्हणजे भोकांच्या पत्र्यातून, वर ओढायचा असेल तर दोन माणसं लागतात. एकाने खालून सारायचं, दुसऱ्याने आतून धरायचं. मुलगा ‘‘दादा, जरा या ना’’ म्हणायचा आणि दादा ‘‘आलो आलो’’ म्हणायचे. येत नव्हते असं नाही, दहा मिनिटांनी यायचे. अडीच स्क्वेअरच्या लगांचा डबा त्याच्या टेबलावरून नेमका दुसरीकडे गेलेला असायचा. ड्रॉइंगचं तिसरं पान दुसऱ्याकडे. चारच्या चहाला कटिंग मोजून यायचं आणि एक कमी पडायचं. यातल्या एकाही गोष्टीची तक्रार लिहून देता येत नाही. दिली तर लिहिणाराच वेडा ठरतो. तिसऱ्या आठवड्यात त्याचा आकडा सरळ झाला, आणि त्याच संध्याकाळी अण्णांनी त्याला लग कशी दाबायची ते नव्याने दाखवलं. क्रिम्पिंग टूलचा आवाज ऐकून लग नीट बसली की नाही ते ओळखायचं. ते कुठल्या आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. गटात घेतल्याशिवाय कोणी कोणाला शिकवतही नाही.

म्हणून गट वाईट असं मला म्हणवत नाही. 26 जुलै 2005 च्या महापुराच्या रात्री कंपनीतून कोणाला हलता आलं नाही, तेव्हा कँटीनच्या कोठीतले तांदूळ काढून खिचडी टाकली ती कुठल्या सर्क्युलरने नव्हे. एकाचे वडील कळव्याच्या हॉस्पिटलात होते तेव्हा महिनाभर त्याचं काम इतरांनी आपापसात वाटून घेतलं. त्याच्या कार्डावर रोजचे पॉइंट बरोबर पडत होते आणि तो अर्धा दिवस डोळे मिटून टूलरूमच्या मागे बसलेला असायचा. मला दिसत होतं. ते रजिस्टर मी कोणाला दाखवलं नाही.

आणि गटावर विश्वास टाकला तर काय होतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे, फार लांब जायला नको. 1953 साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस सल्लागार म्हणून आले. मिलमध्ये नवे ऑटोमॅटिक माग बसवले होते, तरी उत्पादन वाढेना आणि खराब कापड कमी होईना. बघितलं तर एकाच शेडमध्ये बारा प्रकारची कामं, प्रत्येकाचं काम वेगळं, कोणाचा कोणाशी धड संबंध नाही. सूत तुटलं की ज्याचं काम त्याची वाट बघायची. राइस यांनी सुचवलं ते एवढंच, की ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे पूर्ण सोपवा. पुढचं कामगारांनीच उचललं, आपले गट आपणच पाडले. उत्पादन वाढलं, खराबा घटला. आमच्याकडे यातलं काही करायचं कोणाच्या मनात आलं नाही. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी वाढदिवसांचा एकत्र केक कापायचे आणि नंतर रिकाम्या खुर्च्यांचा खेळ. ‘टीम बिल्डिंग’ म्हणे. त्या खेळात सुद्धा परमनंटवाले परमनंटवाल्यांनाच खुर्ची द्यायचे.

आता त्याच गटाची दुसरी बाजू. हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

पॅनेलमध्ये तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, बसबार. जिथे दोन पट्ट्या जोडतात तिथले बोल्ट ठरावीक जोराने आवळावे लागतात. त्यासाठी टॉर्क रेंच असतं. जोर पुरेसा झाला की ते ‘कट’ आवाज करतं. आवळून झालं की नट आणि पट्टी दोघांवरून जाईल अशी रंगाची एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे हमी, की हा सांधा तपासलेला आहे. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. सांधा ढिला राहिला तर तो तापतो, तापला की आणखी ढिला होतो, आणि मग एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाच्या सबस्टेशनात आग. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

टॉर्क रेंच मात्र कपाटात होतं. साध्या पान्याने आवळायचं, हाताला अंदाज आहे, आणि रेघ ओढून मोकळं व्हायचं. काही वेळा घाईत रेघ आधी, आवळणं नंतर. हे कोणी ठरवलं नव्हतं. रेंच घ्यायला स्टोअरमध्ये जा, सही करा, परत द्या, याचा कंटाळा; एकाने सोडलं, दुसऱ्याने बघितलं, आणि दोन वर्षांनी ‘आपल्याकडे असंच असतं’ झालं. तपासणीच्या कागदावर टॉर्कच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. अण्णांच्या कागदावरही.

सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटांची सेफ्टी मीटिंग व्हायची. सगळे गोल उभे राहायचे, सुपरवायझर हेल्मेट-बुटांचं तेच ते सांगायचा, मी सह्या घ्यायला वही घेऊन हजर. एक अ‍ॅप्रेंटिस मुलगी होती, जेमतेम महिनाभर झालेली. सुपरवायझरने नेहमीसारखं ‘‘कोणाला काही विचारायचंय?’’ म्हटलं. यावर कोणी काही विचारायचं नसतं, हे तिला माहीत नसावं. ती म्हणाली, ‘‘सर, टॉर्क रेंच कपाटातच ठेवायचं असतं का? मी आल्यापासून बाहेर आलेलं बघितलं नाही.’’

आधी कोणीतरी फसकन हसलं. मग सगळे हसले. मग शांतता, आणि ती शांतता हसण्यापेक्षा वाईट होती. सुपरवायझर तिच्याकडे बघत नव्हता, घड्याळाकडे बघत होता. गोलात उभ्या असलेल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या बुटाकडे बघत होता. मला पुढचं सगळं दिसायला लागलं: लगांचा डबा, ड्रॉइंगचं पान, मोजून येणारं कटिंग. ‘ऑडिटर मॅडम’ हे नाव तर दुपारपर्यंत पडणारच होतं.

अण्णा खाकरले. ‘‘पोरगी बरोबर बोलतेय,’’ म्हणाले. ‘‘कालच्या पॅनेलचे माझे पण चार राहिलेत. मी काढतो रेंच.’’

एवढंच. भाषण नाही, कोणाकडे बोट नाही. पण अण्णांनी ‘माझे’ म्हटल्यावर गोलातली माणसं सैल झाली. कोणी म्हणालं माझेही दोन आहेत, कोणी म्हणालं तीन नंबरच्या पॅनेलला बघायला पाहिजे. कपाट उघडलं. रेंचवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे त्याचं माप बरोबर असल्याच्या तपासणीचं, स्टिकर होतं, त्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली. मग ते कॅलिब्रेशनला पाठवलं आणि ते परत येईपर्यंत पुन्हा साधा पाना! या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली त्यांना यात नवल वाटणार नाही. पण आल्यावर ते बाहेर राहिलं, आणि त्या मुलीला कोणी नाव ठेवलं नाही. तिला अण्णांनी गाडीच्या ग्रुपात घेतलं, तेव्हा तर विषयच मिटला.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. कंपनीच्या मासिकात छापायचं असतं तर ‘धाडसी मुलगी’ असा मथळा आला असता. आपल्याला पहिल्याचंच कौतुक. पण ती बोलली तेव्हा काहीच हललं नव्हतं. हललं ते अण्णा बोलल्यावर. आणि अण्णा बोलू शकले कारण ते त्याच गटाचे होते, आकडा खाली ठेवणाऱ्यांत सगळ्यात पुढे तेच. बाहेरच्या माणसाने, म्हणजे समजा मी, तेच वाक्य टाकलं असतं तर ऑफिसचा माणूस म्हणून उडवून लावलं असतं.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्या तिघींतली पहिलीएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचं. लहान पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीत खरा परीक्षार्थी एकच, बाकी सगळे अ‍ॅशने पढवलेले, आणि ते 18 पैकी 12 वेळा ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. त्या 12 वेळांत जवळपास एक तृतीयांश उत्तरं बाकीच्यांची री ओढणारी आली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून बाकीच्यांचं म्हटलं. हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. त्याच्या पुढचं कमी लोक वाचतात. अ‍ॅशने त्या पढवलेल्यांत एकच माणूस खरं उत्तर देणारा ठेवला, तर री ओढण्याचं प्रमाण पाव भागावर आलं. तो दुसरा माणूस वेगळंच चुकीचं उत्तर देत असला, तरी सुद्धा फरक पडायचा. त्याने बरोबर असायलाच पाहिजे असं नाही, बाकीच्यांपासून वेगळं बोललं म्हणजे झालं. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितलं की बहुतेक जण खरं ते लिहायचे.

दुसरा बोलला की सगळं सुरळीत होतं, असं मात्र समजू नये. 27 जानेवारी 1986 ची रात्र. अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान दुसऱ्या दिवशी उडायचं होतं, थंडी कडाक्याची. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीत रॉजर बोझोले हे इंजिनियर सांगत होते, या थंडीत सांध्यातली रबरी कडी नीट बसणार नाही, उड्डाण नको. त्यांच्या जोडीला आर्नी थॉम्पसन होते. दोघे. दोघांनी टेबलावर कागद पसरून, चित्रं काढून समजावलं. मग वरिष्ठांनी इंजिनियरांना बाजूला ठेवलं आणि चार मॅनेजरांनी मिळून होकार कळवला. यान 73 सेकंदांनी फुटलं, 7 जण गेले. दुसरा आवाज होता, पण ज्यांचं मत मोजायचं ठरलं त्या चौघांत तो नव्हता. रबाळ्यात अण्णा गोलात उभे होते, तसा इथे त्या चौघांपैकी कोणीतरी खाकरायला हवा होता.

सध्याच्या ऑफिसांत हे सगळं बदललं असेल असं मला वाटायचं. माझा पुतण्या ऐरोलीच्या एका आयटी पार्कात आहे. तिथे पंचिंग नाही, जॉब कार्ड नाही, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, साहेबालाही. गेल्या दिवाळीत फराळाला आला तेव्हा डोळ्यांखाली काळं. मी विचारलं, काम फार आहे का?

‘‘काम नाही काका, बसणं फार आहे. सातला लॅपटॉप मिटला की आजूबाजूचे वर बघतात.’’

‘‘काम शिल्लक असतं?’’

‘‘सहालाच संपलेलं असतं. पण टीमचा लीड बसलेला असतो ना.’’

‘‘आणि त्याचं काय शिल्लक असतं?’’

‘‘त्याचंही काही नसतं. तो राहतो घोडबंदरला. माजिवड्याचा ट्रॅफिक उतरेपर्यंत तो निघत नाही. तो बसतो म्हणून आम्ही बसतो.’’

मला हसू आवरेना. अख्खी टीम कासारवडवलीच्या सिग्नलसाठी साडेआठपर्यंत अडकलेली! लीडला बिचाऱ्याला वाटत असणार, पोरं किती मेहनती. पोरांना वाटतंय, लीडला हेच हवंय. आणि पोरांतल्या प्रत्येकाला वाटतंय की बाकीच्यांना बसायला आवडतं. कोणी कोणाला विचारलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे दोन ग्रुप आहेत, एक टीमचा आणि एक लीड नसलेला. दुसऱ्या ग्रुपवर रोज साडेसातला कोणीतरी झोपलेल्या मांजराचं चित्र टाकतो आणि सगळे हसतात. हसून पुन्हा स्क्रीनकडे.

पुतण्याने एक प्रयत्न केलेला होता. ऑनलाइन मीटिंगमध्ये लीडने गिऱ्हाइकाला द्यायची तारीख सांगितली आणि ‘‘ऑल ओके?’’ विचारलं. ‘ओके’चे अंगठे पटापट पडले. याने माइक चालू करून म्हटलं, टेस्टिंग आठ दिवसांत होणार नाही. कोणी हूं की चूं केलं नाही, सगळे म्यूट. लीड म्हणाला, ‘‘लेट्स ट्राय’’ आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. मीटिंग संपल्यावर याच्या फोनवर खासगी निरोप यायला लागले. ‘बरोबर बोललास भावा.’ ‘मी पण हेच म्हणणार होतो.’ अंगठे, टाळ्या, जळत्या आगीची चित्रं. तो चिडून मला ते दाखवत होता. मी त्याला अ‍ॅशच्या कागदाचं सांगितलं. कागदावर सगळेच खरं लिहितात रे. तुझ्या फोनवर आलंय ते कागदावरचं उत्तर आहे.

‘‘मग करायचं काय?’’

मी म्हटलं, निरोप पाठवणाऱ्यांतला एक धर. टाळ्यावाला नको, जरा कमी बोलणारा बघ. त्याला सांग, पुढच्या वेळी मी बोललो की तू नुसतं अनम्यूट कर आणि तुला जे वाटतं ते म्हण. माझ्यासारखंच म्हटलं पाहिजे असं नाही. दोघांनी ठरवून एकच वाक्य म्हटलं की तोही कंपूच होतो आणि समोरच्याला लगेच वास येतो.

त्याने टेस्टिंगमधल्या एका मुलीशी बोलून ठेवलं. जानेवारीत त्याचा फोन आला, आवाजातच कळत होतं काहीतरी झालंय. तारीख ठरत होती, याने म्हटलं जमणार नाही, पुन्हा शांतता. मग तिचा माइक चालू झाला. ती म्हणाली, ‘‘मला उलट वाटतं, आठ काय, सहा दिवसांत पण होईल. पण गिऱ्हाइकाकडून टेस्टचा डेटा अजून आलेलाच नाही. तो कोण आणणार?’’

‘‘काका, ती माझ्याच विरुद्ध बोलली!’’ पुतण्या सांगत होता. ‘‘आणि मग सगळेच सुरू झाले. डेटा मागायचं मेल कोणी पाठवलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने पाठवलं असेल. एक जण म्हणाला सर्व्हरचाही प्रॉब्लेम आहे, तो तर दोन महिने कधी बोललाच नव्हता. मीटिंग तासभर लांबली.’’

‘‘लीड काय म्हणाला?’’

‘‘आधी वैतागला. मग तारीख पुढे ढकलली. मग सातला सगळ्यांच्या आधी तोच उठला.’’

‘‘आणि घोडबंदर?’’

‘‘आता मेट्रोच्या कामाला शिव्या घालत जातो. आम्ही मात्र सव्वासातला स्टेशनवर असतो.’’